उस्तादांनी भरून दिलेली रायफल

आज तुम्ही मला नेमबाज म्हणता, पण लढाईच्या दिवसांत फौजेत भरती झालो तेव्हा माझी एकही गोळी निशाणाला लागत नव्हती. लोणावळ्याजवळ डोंगराच्या पायथ्याला आमचा सराव चालायचा. शिकवायला वराळ्याचे एक हवालदार होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. एकदा असं झालं, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि नापास होईल त्याला घरी धाडणार होते. गावी, लोहगडवाडीत, आईला काय तोंड दाखवू, या विचारानं मी रडकुंडीला आलो.

"उस्ताद, ही रायफलच वाकडी हाय. डावीकडं वढती."

"आण हिकडं, मी भरून देतो."

पाठमोरे होऊन त्यांनी रायफल भरली आणि माझ्या हातात दिली. मी जमिनीवर पालथा पडून नेम धरला आणि घोडा ओढला. नुसतं खट् झालं, पण माझा खांदा असा उडाला की सगळे हसायला लागले. आत गोळीच नव्हती!

उस्ताद मात्र हसले नाहीत. माझ्याशेजारी पालथे पडून हळूच म्हणाले, "बार व्हायच्या आधीच दचकतोस, लेका. श्वास सोड, थांब, आन् घोडा हळूहळू दाबत ऱ्हा." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दर वेळी ते पाठमोरे होऊन रायफल भरल्यासारखं करून द्यायचे. परत रिकामी, परत रिकामी. सात-आठ वेळा तसंच झाल्यावर खांदा गप्प राहायला शिकला. आणि मग एकदम धाडकन बार झाला! पंचवीस पावलांवरच्या निशाणाला बरोबर मधोमध भोक.

"उस्ताद, भरलेली व्हती? मला वाटलं, रिकामीच हाय!"

आता कुठं ते हसले. "म्हणून तर लागली."