काका लागतात, पण कसे?

विषय : आमच्याकडे लातूरला राहून शिकणाऱ्या क्लारा या जर्मन मुलीच्या मुक्कामाची नोंद. ती झाली नाही, तर पोरीला परत जावं लागतं.

कचेरीतल्या बाबूनं माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, “हे कोण लागतात?”

“काका,” ती म्हणाली. आमच्या हिनंच शिकवलेलं.

“सख्खे?”

“लई सख्खे!”

“मग वंशावळ जोडा.”

कारकुनी मीही केली, पण इतक्या निष्ठेनं नाही. डोकंच फिरलं. “अहो, ही जर्मनीची, मी औशाचा! कुठून आणू वंशावळ?”

“वरडू नका, काका. नियम हाय.”

“मला काका म्हणायलास? मग आधी तुझी वंशावळ दाखव!”

त्यानं ती दाखवली नाही. शेरा मारला : ‘नाते सिद्ध नाही.’ अर्ज प्रलंबित आहे.