मोठ्या डिकीची गाडी

सर्व्हिस सेंटरच्या बाकावर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर पेपर उघडून बसले होते, पण कान सगळे शेजारी. तिथे एक कंत्राटदार आणि बायकोला घेऊन आलेला एक बँकवाला यांच्यात गाड्यांवरून जुंपली होती.

“तुमचंही दीड लिटरचंच इंजिन ना? ॲव्हरेज किती?”

“अठरा.”

“काहीतरीच! माझी बाराच्या वर हलत नाही. हायवेला पळवत असणार तुम्ही.”

“कुठला हायवे? यांची बँक तीन किलोमीटरवर आहे.” बायको हसली.

“पण माझीला सनरूफ आहे हं,” कंत्राटदार म्हणाला.

“सनरूफ काय चाटायचंय? डिकी बघा आमची. व्हीलचेअर घडी करून अलगद बसते!”

“व्हीलचेअर? कुणाची?”

मास्तरांचं पान उलटायचं राहून गेलं.

“अहो, मी विचारतेय. कुणाची?”

“तुझ्या बाबांची.”

“आठ वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही!”

“तुम्ही नाही बघितलं. मी दर रविवारी मित्रांकडे म्हणून जातो ना, तो त्यांच्याकडेच. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर.”

“बाबा… चालत नाहीत?”

“दोन वर्षं झाली. डिकी मोजूनच तर ही गाडी घेतली.”