वायफाय ॲडॉप्टर सापडला नाही

नाही, पण मला एक सांगा, इंटरनेट चालू करायला इंटरनेट कशाला लागतं? हसू नका! हसण्यासारखं काय आहे त्यात? मांडीवर ताईचा लॅपटॉप आणि स्क्रीनवर एकच ओळ: वायफाय ॲडॉप्टर सापडला नाही. सापडला नाही म्हणजे? काल दुपारपर्यंत होता ना! आत स्क्रू लावून बसवलेला होता, तो काय रुसून माहेरी गेला? बरं, उपाय काय, तर त्याचा ड्रायव्हर टाकायचा. ड्रायव्हर म्हणजे, तुम्हाला सांगतो, दुभाषा. चिपचं बोलणं मशीनला कळत नाही, मशीनचं चिपला कळत नाही, मध्ये हा बसतो आणि दोघांचं जमवून देतो. आता हा दुभाषा कुठे मिळतो? इंटरनेटवर. आणि इंटरनेट कुठून येतं? त्याच चिपमधून! झालं! कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आत...

तुम्ही म्हणाल, शहाण्या, तुला हात लावायला सांगितलं कोणी? ताईनेच! ताई घरांचे नकाशे काढते. तिचं ऑफिस बंद पडलं, तेव्हापासून ती घरात आहे, आणि हळूहळू तिचं बोलणंच कमी होत गेलंय. कितीतरी ठिकाणी अर्ज केले, आणि आता कुठे एका ठिकाणाहून बोलावणं आलं. इंटरव्ह्यू घरूनच द्यायचा, सकाळी अकराला, नकाशे स्क्रीनवर उघडून दाखवायचे. आणि तो लॅपटॉप एक नकाशा उघडायला एवढा वेळ घ्यायचा की तेवढ्यात खरं घर बांधून झालं असतं. ती म्हणाली, "बघ ना काहीतरी." मी म्हटलं, "बघ ना काय? जुनं सगळं पुसून टाकतो, नवी सिस्टिम घालतो, ना कुणाच्या मालकीची, ना कुणाच्या बापाची, पळेल नुसती!" आणि पळाली हो! नकाशे फटाफट उघडायला लागले, मी शीळ घालत झोपलो. इंटरनेट? इंटरनेट तपासलंच नाही! घराला भिंती असतात तसं इंटरनेट असतं, ते काय तपासायचं?

सकाळी तपासलं.

तुम्हाला सांगतो, मला भीती ताईची, कारण ताई ओरडत नाही. ओरडणाऱ्याला कोण भितं? बाबा जन्मभर ओरडतायत, मला त्या आवाजात छान झोप लागते. ताई हळू बोलते. आंघोळ करून, केस विंचरून आली, म्हणाली, "झालं ना रे सगळं?" मी म्हटलं, "झालंच!" असा पातळ आवाज आला माझा, मलाच वाटलं दुसरं कोणीतरी बोललं.

इंटरव्ह्यू मोबाइलवरून दे म्हणावं, तर घरात मला सोडून सगळ्यांकडे बटणांचे मोबाइल, आणि माझ्या मोबाइलला रेंज फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात, तीही एक कांडी, तीही वाकून उभं राहिलं तर. एका कांडीवर ताईचा चेहरा जाणार कसा? पण ड्रायव्हर उतरेल, म्हटलं. वाकलो. शोधलं. आणि सापडलं! एका साइटवर माझ्यासारखाच एक बिचारा, हाच लॅपटॉप, हीच चिप, कितीतरी वर्षांपूर्वी विचारतोय, कृपया मदत करा. खाली त्याचंच उत्तर: जमलं, धन्यवाद. कसं जमलं? लिहिलंच नाही! अरे, जमलं धन्यवाद काय? मी इथे मरतोय आणि तू धन्यवाद देऊन जेवायला गेलास?

शेवटी कुठूनतरी ड्रायव्हर ओढला, वायरने लॅपटॉपवर घेतला, ती काळी खिडकी उघडली आणि कमांड टाकली. तर ती विचारते, इंग्रजीत, पण काय अदब! खात्री आहे का? हो की नाही?

मला? खात्री? अहो, मला जन्मात कोणी हे विचारलेलं नाही! इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा बाबांनी विचारलं, खात्री आहे का? फॉर्म भरला, पेढे वाटले, मोकळे झाले! आणि कॉलेज? आमचे सर फळ्यावर एक चौकोन काढायचे, आत लिहायचे 'संगणक', आणि म्हणायचे, "हा चौकोन परीक्षेला हमखास येतो." मी त्या चौकोनातून बाहेर पडलो तर घरात केवढा गहजब. आणि इथे एक यंत्र, ज्याचा माझ्याशी काही संबंध नाही, ते थांबून विचारतंय. मला भरून आलं. आणि भीतीही वाटली, कारण हो म्हटलं आणि सगळंच गेलं तर? नकाशेही गेले तर? हो दाबलं.

ओळी धावायला लागल्या. सरसर, सरसर, काहीच वाचता येईना, आणि तेवढ्यात मागून वास आला दाढीच्या साबणाचा. बाबा!

"काय करतोयस?"

"काही नाही."

"लाल अक्षरात काय आलं ते?"

"लाल चांगलं असतं, बाबा."

"आमच्या ऑफिसात लाल आलं की चौकशी लागायची. कॉलेज पुरं केलं असतंस तर कळलं असतं तुला."

यंत्रातलं बाबांना ओ की ठो कळत नाही, पण कोण कधी घाबरलंय हे मात्र बरोब्बर कळतं. तिथेच खुर्ची ओढून बसले. आतून आईचा आवाज, "अहो, तिचा इंटरव्ह्यू आहे, त्याला ओरडू नका!" बाबा ओरडले, "मी ओरडत नाहीये!"

मग यंत्र म्हणालं, बंद करून परत चालू करा. खात्री आहे का? हो की नाही? नाही हो, नाहीये खात्री, पण दुसरा रस्ता आहे का? हो दाबलं. स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक पांढरी रेघ. लुकलुक. लुकलुक. मी देवाला, नास्तिक असून, काय काय कबूल केलं ते सांगत नाही. ताई दारात येऊन उभी राहिली. इस्त्रीचा शर्ट, कानात ते छोटे डूल, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, की तिने आधीच ठरवून टाकलंय, आपलं काही होत नसतं. ते बघितलं आणि मला खरंच रडू फुटणार होतं, तेवढ्यात... उघडलं! आणि कोपऱ्यात तो पंखा! वायफायचा! आमच्या घरचं नाव वर, पूर्ण रेंज! मी किंचाळलो. नावावर दाबलं. आणि त्याने विचारलं...

पासवर्ड.

जुन्या सिस्टिमला पाठ होता. ती मी पुसली.

"बाबा, पासवर्ड?"

बाबांनी हाताची घडी घातली. आता हे ऐका. मी कॉलेज सोडलं त्या आठवड्यात बाबांनी केबलवाल्याला बोलावून पासवर्ड बदलून घेतला होता, मी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो म्हणून! माझं नेट तोडलं, ताईच्या लॅपटॉपवर नवा पासवर्ड केबलवाल्याने स्वतः टाकला. आणि आज, अकराला काही मिनिटं असताना, हा माणूस म्हणतो, "तू बाहेर जा. मी टाकतो."

गेलो बाहेर! दाराबाहेर उभा राहिलो! आतून एक टकटक. मग अजून एक टकटक. मग ताईचा हळू आवाज, "बाबा... आठवतोय ना?"

"आठवायचा कशाला? घरात ठेवला असता तर याने शोधून काढला असता. म्हणून खालच्या वकिलांकडे ठेवलाय. सुरक्षित."

मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. वकीलकाकांनी दार उघडलं, बनियनवर, मांडीवरून उचलून हातात धरलेला टॅब, त्यावर मारामारीचा सिनेमा, आत काकू कुणाशी तरी व्हिडिओवर बोलतायत, त्यांची मुलगी गेम खेळतेय. सगळं कुठल्या नेटवर? सांगा ना, कुठल्या नेटवर?

"काका, आमचा पासवर्ड!"

"तुझ्या वडिलांची स्पष्ट सूचना आहे," काका म्हणाले, "तुला सांगायचा नाही."

तेवढ्यात वरून, कठड्यावरून अर्धे बाहेर लोंबकळत, बाबा, "द्या हो! या खेपेला द्या!"

"तुमची खात्री आहे?" काका ओरडले.

"हो!!"

आणि काकांनी, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा, एकेक इंग्रजी अक्षर सुटं करत सांगितला. पदवीघे. सगळं जोडून, लहान अक्षरांत. कॉलेज सोडलेल्या मी ते माझ्या हातांनी टाईप केलं, तुम्हाला सांगतो. पदवीघे. आणि लागलं! ताई बसली, केस मागे सारले, आणि "गुड मॉर्निंग" म्हणाली, अशा आवाजात, जो आमच्या घरात कित्येक महिने कोणी ऐकला नव्हता.

नोकरी लागली. घरूनच करायची. पण दुपारी मीटिंगला बसली की चित्र थिजतं, तोंड उघडं राहतं तिचं, कारण खाली मारामारी चालू असते. पासवर्ड बदल, म्हणता? बदललाही असता, पण ताईने हळू आवाजात सांगितलंय की तू पुन्हा काहीही बदलायचं नाहीस, आणि बाबा म्हणतात, वकिलाला दुखवायचं नाही, कधी लागला तर?

म्हणून रोज मीटिंगच्या आधी मी खाली जातो. दार वाजवतो. "काका, तासभर आम्ही वापरलं तर चालेल का?"

काका सिनेमा थांबवतात, जरा विचार करतात, आणि म्हणतात, "वापरा... पण रोजची सवय करून घेऊ नका."