तपासणीचा रकाना

इकडे उत्तरेत मराठी क्वचितच कानावर पडतं. सीपरी बाजारात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी मराठीत बोलू लागले, तसे माझे कान तिकडे गेले.

"मयुरा, आज ऑफिसचं काम नाही?"

"नाही बाबा. कंप्यूटरवर आमच्या कामांचा बोर्ड असतो ना, त्यातला माझा रकानाच गेला."

"गेला म्हणजे?"

"'करायचंय', 'तपासणी', 'झालं' असे तीन रकाने होते. आता रकाने बदलायची मुभा साहेबांनी एआय एजंटला, म्हणजे आपणहून कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला दिलीय. त्याने तपासणीच काढून टाकली. म्हणे, कामं तिथे अडकतात."

"अडकणारच. चुका तूच पकडायचीस ना?"

"हो."

"मग साहेबांशी बोल."

"बोलले. म्हणाले, मयुरा जी, आपको किसी ने निकाला थोड़े ही है."

"आता चुका कोण पकडतं?"

"कोणी नाही. सगळं सरळ 'झालं'मध्ये जातं."

"आईला सांगितलंस?"

"नाही. मी घरी कंप्यूटर उघडून बसले की काम चाललंय समजून ती अजूनही टीव्हीचा आवाज कमी करते."

"करू दे. मीही तिला काही सांगत नाही."