तांब्यात पाहिलेले डोळे

मूर्तिजापूर स्टेशनात सहदेव तोंडावर दुपट्टा घेऊन बाकावर पडला होता. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"मनकर्णे, दर्यापूरच्या वामनरावाचा सहदेव तुले कावून पसंत नाही वं?"

सहदेवानं श्वास रोखला.

"त्याचे डोये, आत्या."

"चकना हाये?"

"नाही."

"मिचमिचा?"

"नाही वं! बटबटीत. बेडकावानी."

"पन पाहाच्या वक्ती तुही तं मान खाली असन. पाह्यले कवा?"

"समोर पितळी तांब्या होता ना, त्यात."

"बैताड! ह्या आपल्या तांब्यात तुहे डोये पाह्य बरं."

"अगं माय! माहे बी तसेच दिसून राहिले!"

"मंग?"

"मंग बाबाले सांग, मी हो म्हनते."

सहदेव ताडकन उठला. मुलगी पाहताना वडिलांसमोर त्यानंही मान वर केली नव्हती. त्यानंही तिला त्या तांब्यातच पाहिलं होतं. आणि 'पोरीचे डोळे बटबटीत, सोयरीक नको' असं कार्ड टाकायला त्याचा मामा आत्ताच पोस्टात निघाला होता.

"मामा, थांबा!" म्हणत तो अनवाणीच धावला. पळता पळता एकदा त्यानं मागं वळून पाहिलं.

"कोन वं हा?"

"काय मालूम, आत्या. पन डोये कसे टपोरे हायेत!"