आतल्या मशीनचा पासवर्ड

न्हाई हो, फॉरमॅट मारून समदं पुसायचं तर बोलूच नका. तुमी नांदेडहून मशीन दुरुस्त करायला आलात, तुमच्यासाठी ते एक बटन असंल — पन त्या मशीनमधी प्रेमदासभाऊच्या पुजाची लग्नपत्रिका हाय. तो बघा, बाहेर बाकड्यावर बसलाय. रविवारी लग्न, आन् आज पत्रिका वाटायला निघाल्या न्हाईत तर लांबच्या तांड्यावरचे पाव्हने यायचे राहतेत. आन् पत्रिका गेली तर नवी करायची कोनी? मला येत न्हाई. बोर्डावर ‘विश्वंभर कंप्युटर्स’ लिहिलंय, पन कंप्युटर येतो माझ्या बायकोला, कोमलला. मला बोर्ड येतो.

झालं कसं — प्रिंटर आतल्या खोलीत, कोमलच्या मशीनला. मी हितं काउंटरवर. कागद छापायचा तर मला ओरडावं लागतं, ‘छाप गं’ — आन् मग गिऱ्हाइकाला कळतं की काम कोन करतं. म्हनून म्हनलं, दोन मशीनमधी वायर टाकू, हितूनच छापू, खुर्चीतून उठायची तकलीफ नको. भितीत खिळे ठोकले, अर्धा पोपडा काढला. मग तुमीच फोनवर सांगितलं ना, आतल्या मशीनला पासवर्ड नसंल तर ते बाहेरच्याला प्रिंटर वापरू देत न्हाई? बराबर. मी कोमलला म्हनलं, टाक तुझ्या मनाला येईल ते. तिनं टाकलं. मी वायर धरून उभा, तिकडं पाहिलं बी न्हाई. प्रिंटर काई हालला न्हाई. आता वायर माझी, सेटिंग माझी — म्हंजे चूक कोनाची? कोमलची. गिऱ्हाइकांसमोर म्हनलो, तुला एक काम धड येत न्हाई. तिनं मशीन बंद केलं, पिशवी घेतली, आन् हिंगोलीच्या गाडीत बसून माहेरी, नर्सीला. सकाळी मशीन चालू केलं तर ते पासवर्ड मागून राहिलं.

फोन? केला की. सासऱ्याचा फोन ओसरीत — तिथं सासरा, मेव्हना, शेजारचे दोनतीन म्हातारे कायम बसलेले. कोमलला म्हनलं, पासवर्ड सांग. म्हनलं, प्रेमदासभाऊचं काम अडलंय. तवा हळूच म्हनली, “हितं समद्यांपुढं कसं सांगू? तुमीच टाकून पाहा ना.” आन् ठेवला. आता ही काय अडवनूक झाली? मी समजून गेलो, माझ्यासाठी शिवी घातलीय. ‘गाढव’ टाकून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं उघडंल. मग लेकराचं नाव टाकलं, सासूचं टाकलं — चतुराबाई — मेव्हन्याचं, तिच्या गावच्या नामदेव म्हाराजाचं. म्हशीचं बी टाकलं, तिची लई लाडाची हाय. मग तिच्याच खुर्चीत बसून राहिलो, तर पायाखाली पाट. तिचे पाय जमिनीला पोचत न्हाईत, म्हनून ठेवलाय तिनं. मला ठाव नव्हतं. रोज ‘छाप गं’ म्हनतो, पन तिकडं बघतो कोन?

— आँ? माझं नाव? विश्वंभर. काहून, बिलावर घालायचं? बोर्डावर इंग्रजीत हाय, तसंच लिहा. पन बिल मागून करा हो, आधी ते मशीन —

उघडलं?

थांबा. काय टाकलं तुमी? माझं — ?

न्हाई, ती नाव घेत न्हाई माझं. घरात ‘अवो’ म्हनते. आईपुढं ‘तुमचा लेक’. गिऱ्हाइकापुढं ‘मालक’. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, ते बी मला ऐकू आलं न्हाई. आन् मी बापापुढं, म्हाताऱ्यांपुढं तिला सांग म्हनून राहिलो — आन् वर हितं बसून गाढव टाकत होतो. ते चुकीचं बी न्हाई म्हना.

प्रेमदासभाऊ, या आत, पत्रिका निघाली तुमची. किती गठ्ठे आनलेत कोऱ्या कार्डांचे? द्या इकडं.

तुमी? न्हाई, तुमी निघा आता. नेटवर्क राहू द्या. वायर मी काढतो, मीच जात जाईन आत उठून. ह्या पत्रिका झाल्या की मला नर्सीला जायचंय.

काय म्हनता — पासवर्ड बदलून देऊ? काहून? तुमाला कळला म्हनून?

हात लावू नका त्याला. जा तुमी.