मोटारीचं प्रस्थान

तुम्ही महाबळेश्वरचं काय सांगताय? आमच्या दादांनी रत्नागिरीच्या समुद्रापासून थेट सिमल्यापर्यंत मोटारीनं जायचं ठरवलं होतं. सोलापुरात बसून तीन महिने नकाशा बघितला. ऐन मुहूर्ताला ड्रायव्हर हिवतापानं पडला.

आई म्हणाली, "मुहूर्त चुकवू नका, प्रस्थान ठेवा."

म्हणजे प्रवासाचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, की आपण निघालोच असं धरतात. मग प्रवास होईपर्यंत ते परत घरात आणायचं नाही.

दादा म्हणाले, "गाठोडं कशाला? मोटारच ठेवू."

आम्ही मोटार ढकलत समोरच्या शिवाप्पांच्या अंगणात नेली. ड्रायव्हर बरा झाला तोवर पावसाळा लागला, मग दादांची कंबर धरली. मोटार तिथंच.

दिवाळीला आम्ही करकंबला मामाकडे गेलो. परत आलो तर शिवाप्पा बाटली घेऊन दारात.

"समुद्राचं पाणी हाय. रत्नागिरीला जाऊन आलो."

"कशानं?"

"तुमच्याच मोटारीनं. ड्रायव्हरबी तुमचाच. पण परत माज्याच अंगणात लावलीया. तुमचं प्रस्थान मोडू दिलं न्हाय."

दादांनी बाटली उजेडात धरून बघितली.

"आता सिमल्याचं बघावं म्हणतो. तेवढा नकाशा द्या की."